पाहुणे डॉक्टर, आपले रुग्ण : धर्मादाय शिबिरांतील परप्रांतीय वैद्यकसेवेचा एक इतिहास

आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान या चार दानांची थोरवी आपल्या समाजास नव्याने सांगण्याचे कारण नाही. धर्मार्थ दवाखाना नाही वा वर्षाकाठी एखादे नेत्रशिबीर भरत नाही, असा मोठा संघ महाराष्ट्रात शोधूनच काढावा लागेल. तथापि औषधदानाचा एक विशेष असा की, येथे दाता व देणारा हात हे दोन निराळे असतात. अन्नछत्रात धनिकाने स्वतः पंगतीत वाढले तरी चालते; शिबिरात मात्र मंडप, चहा, चष्मे, औषधे व वाहने यांचा खर्च करणारा न्यास एक आणि शस्त्र हाती धरणारा डॉक्टर दुसरा. हा दुसरा पुष्कळदा परगावचा, परराज्याचा, क्वचित परदेशचाही असतो. त्याला येथे येऊन येथील माणसाच्या डोळ्यावर किंवा ओठावर शस्त्र चालविण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न शिबिराच्या गडबडीत बहुधा कोणी विचारीत नाही. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने मागे वळून पाहताना या प्रश्नाचा इतिहास मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ मिरजेपासून करणे योग्य होईल. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली या भागात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेस रुग्णालय सुरू केले. मिरज हे त्या काळी संस्थान होते. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या बाजूच्या शेतकरी व व्यापारी कुटुंबांत, आणि त्यांत जैन कुटुंबेही आलीच, 'मिरजेला नेणे' हा शब्दप्रयोगच रूढ झाला. वानलेस यांचे नाव येथील कोणत्या नोंदवहीत होते, असे कोणी विचारले असते तर उत्तर सोपे होते : तशी नोंदवहीच अस्तित्वात नव्हती. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा पहिला कायदा झाला तो १९१२ साली. त्यापूर्वी डॉक्टर कोण, हे त्याची पदवी, त्याची कीर्ती आणि त्याच्याकडून बरे होऊन गेलेले रुग्ण यांवरूनच ठरत असे.

१९१२ च्या कायद्याने मुंबई वैद्यक परिषद स्थापन झाली व पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची अधिकृत यादी ठेवली जाऊ लागली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुंबई इलाखा म्हणजे आजचा महाराष्ट्र नव्हे. अहमदाबाद, सुरत, धारवाड, बेळगाव, विजापूर, कारवार आणि १९३६ पर्यंत सिंधदेखील त्याच इलाख्यात होते. म्हणजे अहमदाबादचा एखादा डॉक्टर पुण्यास येऊन चार दिवस धर्मार्थ रुग्ण तपासू लागला तर तो 'बाहेरचा' ठरत नव्हता. दोघांची नोंदवही एकच होती. नोव्हेंबर १९५६ मध्ये बेळगाव-धारवाड म्हैसूर राज्यात गेले, मे १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला, आणि मग प्रत्येक राज्याने आपापला कायदा केला. म्हैसूरचा १९६१ चा, महाराष्ट्राचा १९६५ चा, गुजरातचा १९६७ चा. भाषावार प्रांतरचनेने राजकारणात काय केले याची चर्चा भरपूर झाली आहे. तिने डॉक्टरांच्या नोंदवहीचेही तुकडे केले, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्या समाजाचे सोयरेसंबंध बेळगाव-निपाणीपासून राजस्थान-गुजरातपर्यंत पसरलेले. त्यामुळे शिबिरासाठी डॉक्टर शोधताना आपण नात्याच्या नकाशाने चाललो, कायदा मात्र राज्याच्या नकाशाने चालला.

आता या कायद्यातील बारकावा थोडा सविस्तर पाहू, कारण पुढील सर्व हकिगत त्यावर अवलंबून आहे. १९५६ साली केंद्राने भारतीय वैद्यक परिषद अधिनियम केला. त्याच्या सत्ताविसाव्या कलमात असे म्हटले होते की, ज्याचे नाव भारतीय वैद्यक नोंदवहीत आहे त्याला आपल्या अर्हतेनुसार भारताच्या कोणत्याही भागात व्यवसाय करण्याचा हक्क आहे. १९६४ च्या दुरुस्तीने पंधराव्या कलमात भर पडली, ती अशी की, 'एखाद्या' राज्य नोंदवहीत नाव असल्याशिवाय कोणीही कोणत्याही राज्यात वैद्यकी करू नये. केल्यास एक वर्षापर्यंत कैद अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातील 'एखाद्या' हा शब्द महत्त्वाचा. त्याचा सरळ अर्थ घेतला तर जयपूरच्या नोंदवहीतील डॉक्टर पुण्यात चालावा. व्यवहारात मात्र राज्य परिषदांची भूमिका अशी की, आमच्या राज्यात व्यवसाय करावयाचा तर आमच्याकडे नाव नोंदवा. याला कारणही आहे. डॉक्टराच्या हातून चूक झाली तर तक्रार कोठे करावयाची? महाराष्ट्राची परिषद आपल्या नोंदवहीतील नाव काढू शकते. दुसऱ्या राज्याच्या नोंदवहीतील नावावर तिची सत्ता चालत नाही. तेव्हा परिषदांचा हट्ट हा केवळ कारकुनी नव्हे. परंतु जो डॉक्टर दुकान थाटावयास नव्हे तर तीन दिवसांच्या शिबिरास येतो, त्याच्याबाबतीत 'व्यवसाय' या शब्दाचा अर्थ काय घ्यावयाचा, हा प्रश्न कायद्याने मोकळाच ठेवला होता.

परदेशी डॉक्टरांच्या बाबतीत मात्र कायदा आश्चर्य वाटावे इतका स्पष्ट होता. त्याच १९५६ च्या अधिनियमाच्या चौदाव्या कलमात अशी तरतूद होती की, ज्या देशांशी आपला पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार नाही अशा देशांतील पदवीही केंद्र सरकार मान्य करू शकते, पण तीन अटींवर. पहिली, त्या डॉक्टराचे नाव त्याच्या स्वतःच्या देशात नोंदलेले असावे. दुसरी, तो ज्या संस्थेशी तात्पुरता जोडलेला आहे त्या संस्थेपुरतेच आणि अध्यापन, संशोधन वा धर्मादाय कार्य यासाठीच त्याने काम करावे. तिसरी, सरकारने ठरवून दिलेल्या मुदतीतच. 'धर्मादाय कार्य' हे शब्द प्रत्यक्ष कायद्यात होते, हे आपल्यासारख्या न्यासांनी आवर्जून लक्षात ठेवावे. परदेशी डॉक्टरासाठी दार होते, दारावर पाटीही होती. शेजारच्या राज्यातील डॉक्टरासाठी मात्र दार आहे की भिंत, हेच नीट कळत नव्हते. कायद्याच्या इतिहासात अशा गमती पुष्कळ सापडतात.

या दारातून पुण्यात जी सेवा आली तिचे नाव डॉ. शरदकुमार दीक्षित.

१९३० साली जन्मलेले दीक्षित हे आपल्याच मातीतले. पुढे अमेरिकेत जाऊन ते प्लास्टिक सर्जन झाले. १९६८ पासून ते भारतात येऊन विनामूल्य शस्त्रक्रिया करू लागले. या उपक्रमास त्यांनी 'इंडिया प्रोजेक्ट' असे साधे नाव दिले होते. १९७८ मध्ये मोटार-अपघाताने त्यांचे शरीर पांगळे झाले. पुढे स्वरयंत्राचा कर्करोग झाला व आवाज गेला. त्यानंतर ते गळ्याशी धरावयाच्या विद्युत उपकरणाच्या साहाय्याने बोलत. हृदयविकाराचे झटकेही येऊन गेले. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनावर राहणारा हा मनुष्य दरवर्षी काही महिने भारतात येई आणि चाकांच्या खुर्चीचा आधार घेत गावोगावी शस्त्रक्रिया करीत फिरे. २००१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. २००८ मध्ये त्यांच्यावर 'फ्लाइंग ऑन वन इंजिन' नावाचा माहितीपटही निघाला. १४ नोव्हेंबर २०११ रोजी त्यांचे देहावसान झाले.

पुण्यात त्यांची शिबिरे भरविली ती भारतीय जैन संघटनेने. श्री. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या या संघटनेचे नाव सर्वतोमुखी झाले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर, जेव्हा तिने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले ते त्यातूनच. संघटनेच्या अन्य कार्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. येथे शिबिरांपुरतेच बोलू.

दुभंगलेला ओठ हे व्यंग साधारणपणे सातशे ते हजार जन्मांमागे एका बालकात आढळते. त्याने जीव जात नाही. पण मूल अंगावर नीट पीत नाही, पुढे उच्चार स्पष्ट होत नाहीत, शाळेत चिडवतात, आणि मुलगी असेल तर लग्नाच्या वेळी घरातल्यांची मान खाली जाते. ग्रहणात आईने काही चिरले म्हणून असे झाले, ही समजूत आजही खेड्यांतून ऐकू येते आणि सारा दोष त्या बापडीच्या माथी येतो. शस्त्रक्रिया सराईत हाताला तासाभराच्या आतली. मोठ्या मुलांत व प्रौढांत ती जागा बधिर करूनही करता येते. दीक्षितांनी याच गोष्टीचा लाभ घेतला. एकाच सभागृहात अनेक टेबले मांडावयाची, साहाय्यक डॉक्टरांनी रुग्णास तयार ठेवावयाचे, मुख्य कौशल्याचे काम दीक्षितांनी करावयाचे आणि पुढील टेबलाकडे वळावयाचे. ओठाबरोबरच खाली लोंबणाऱ्या पापण्या, तिरळेपणा, चेहऱ्यावरचे डाग व व्रण, अशा शस्त्रक्रिया या पद्धतीने होत. वीस-बावीस वर्षांचा तरुण सकाळी तोंडावर रुमाल धरून आत जाई आणि सायंकाळी आरसा मागे.

या कामाची थोरवी मान्य करूनही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ओठ शिवला म्हणजे काम संपत नाही. टाके पाच-सात दिवसांनी काढावे लागतात, जखम चिघळली तर पाहावी लागते. टाळू दुभंगलेला असेल तर त्याला पूर्ण भूल लागते, ती शस्त्रक्रिया योग्य वयात, बहुधा नऊ ते अठरा महिन्यांच्या सुमारास व्हावी लागते आणि नंतर वाचोपचाराची कित्येक महिने गरज असते. पाहुणा डॉक्टर तोवर दुसऱ्या गावी, कदाचित दुसऱ्या खंडात गेलेला असतो. म्हणून शिबिराचे यश पाहुण्या डॉक्टराच्या हातावर जितके अवलंबून, तितकेच तो गेल्यानंतर त्या रुग्णाकडे पाहणाऱ्या स्थानिक डॉक्टरांवर आणि घरोघरी निरोप पोहोचविणाऱ्या कार्यकर्त्यांवर. उद्घाटनाच्या छायाचित्रात ही मंडळी सहसा नसतात. जगातही या कामाचे दोन संप्रदाय झाले आहेत. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'ऑपरेशन स्माइल'ने डॉक्टरांची पथके देशोदेशी पाठविली. १९९९ च्या 'स्माइल ट्रेन'ने पथके पाठविण्याऐवजी त्या त्या देशातील रुग्णालयांना व शल्यविशारदांनाच पैसा व प्रशिक्षण देण्याचा मार्ग धरला. दुसऱ्या मार्गात समारंभ कमी आणि टिकाऊपणा अधिक, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पाहुण्या डॉक्टरांविषयी कायदा इतका साशंक का, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील नेत्रशिबिराची हकिगत वाचावी. १९८६ च्या एप्रिल महिन्यात तेथे एका सेवाभावी क्लबने शिबीर भरविले. शस्त्रक्रियेसाठी राजस्थानातील जयपूरहून डॉक्टरांचे पथक आले. पथकप्रमुखांनी अशी शिबिरे पूर्वी पुष्कळ केली होती व त्यांचा लौकिकही चांगला होता. एकशे आठ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी अठ्ठ्याऐंशी मोतीबिंदूच्या. त्यांतील चौऱ्याऐंशी जणांचा शस्त्रक्रिया केलेला डोळा कायमचा गेला. डोळा धुण्यासाठी वापरलेल्या सलाईनमधून जंतुसंसर्ग झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे डॉक्टराचे कौशल्य, दात्याची श्रद्धा, कार्यकर्त्यांची धावपळ, सर्व काही यथास्थित असूनही एका बाटलीने घात केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ च्या निकालात न्यायालयाने पीडितांना आधी मिळालेल्या पाच हजारांखेरीज प्रत्येकी साडेबारा हजार रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारास दिला. शिबिरांच्या हेतूविषयी न्यायालयाने आदरच व्यक्त केला. पण शिबिरांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांचे काटेकोर पालन झाले पाहिजे, हेही निक्षून सांगितले. एका वृद्धाच्या डोळ्याची किंमत साडेसतरा हजार! चांगल्या हेतूने भरलेल्या मंडपातून चौऱ्याऐंशी माणसे डोळा गमावून घरी गेली, ही गोष्ट शिबीर भरविणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने मनाशी जपून ठेवावी अशी आहे.

यानंतर हळूहळू शिबिरांचे रूपच पालटले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून सात राज्यांत, त्यात महाराष्ट्रही होता, मोतीबिंदू निर्मूलनाचा मोठा प्रकल्प राबविला गेला. शाळेत वा धर्मशाळेत टेबल मांडून शस्त्रक्रिया करण्याची रीत मागे पडली. शिबिरात फक्त तपासणी करावयाची आणि रुग्णास गाडीने रुग्णालयात न्यावयाचे, ही पद्धत रूढ झाली. आपल्या ज्येष्ठांना जुन्या शिबिरांची आठवण येते : ओळीने मांडलेल्या खाटा, डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या, जेवणाच्या पंगती. त्यातील जिव्हाळा खरा होता. पण रुग्णालयातील निर्जंतुक खोली हीच रुग्णाच्या हिताची, यात संशय नाही. आणि या बदलाने पाहुण्या डॉक्टराचा प्रश्नही अर्धा सुटला, कारण तो आता एका मान्य रुग्णालयाच्या छताखाली, तेथील डॉक्टरांच्या सोबतीने काम करू लागला.

अर्थात राज्यांच्या सीमा ओलांडून सेवा करणाऱ्यांची परंपरा आपल्या देशात मोठी आहे. कर्नाटकातील डॉ. एम. सी. मोदी यांनी फिरत्या नेत्रशिबिरांचे आयुष्यभर व्रत घेतले. १९५६ मध्ये पद्मश्री आणि १९६८ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांच्याकडे चालून आले. जुलै १९९१ मध्ये मुंबईच्या 'इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन'ने रेल्वेच्या सहकार्याने 'लाइफलाइन एक्सप्रेस' ही रुग्णालय-गाडी सुरू केली. तिचा पहिला मुक्काम तेव्हाच्या बिहारमधील खलारी येथे पडला. शहरांतील नामवंत शल्यविशारद रजा काढून या गाडीत काम करू लागले. आपल्या पुणे जिल्ह्यातील चासकमानच्या कन्या आचार्य श्री चंदनाजी यांनी बिहारमधील राजगीर येथे वीरायतनच्या माध्यमातून नेत्ररुग्णालय उभारले, हे तर आपणां सर्वांस ठाऊकच आहे. महाराष्ट्राने दिलेलेही थोडे नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर असे दोघे आपले होते. कोटणिसांनी तेथेच १९४२ मध्ये देह ठेवला. युद्धाच्या धामधुमीत त्यांना नोंदणीचा दाखला कोणी विचारला नसेल, हे उघड आहे.

येथे उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. डॉक्टरास सीमा असते, रुग्णास नसते. गडचिरोलीतील हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात छत्तीसगडमधून नदी-जंगल ओलांडून माणसे येत आली आहेत. पुण्याच्या रुग्णालयांतून कर्नाटकातले रुग्ण भेटतात. कोल्हापूर-मिरजेस तर त्यांना परराज्यातले म्हणण्याचेही कोणाच्या मनात येत नाही. गरीब मनुष्य जेथे उपचार आहे तेथे चालत जातो. ज्याला चालणे शक्य नाही, त्याच्यासाठीच तर डॉक्टर चालत यावा लागतो.

हा पेच आपल्याच देशाचा आहे असे मात्र नव्हे. अमेरिकेत प्रत्येक राज्य डॉक्टरास स्वतंत्र परवाना देते आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालत नाही. स्टॅन ब्रॉक नावाच्या इंग्रज गृहस्थाने तारुण्यात दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानात गुरांच्या कुरणावर काम केले होते. घोड्यावरून पडून जखमी झाला असता सर्वांत जवळचा डॉक्टर सव्वीस दिवसांच्या पायी वाटेवर आहे, असे त्याला सांगण्यात आले, ही हकिगत तो पुढे नेहमी सांगे. १९८५ मध्ये त्याने टेनेसी राज्यात 'रिमोट एरिया मेडिकल' ही संस्था काढली, ती दुर्गम देशांतील लोकांसाठी. पण थोड्याच वर्षांत त्याच्या ध्यानात आले की, जगातील त्या सर्वांत श्रीमंत देशातही दात काढून घेण्यासाठी व चष्म्यासाठी लोक आदल्या रात्रीपासून रांगा लावतात. डॉक्टर मिळत होते, पण ते इतर राज्यांतले. टेनेसीने १९९५ साली कायदा करून, विनामोबदला सेवा देणाऱ्या परराज्यातील परवानाधारकांना मुभा दिली. २००९ मध्ये लॉस एंजेलिसजवळ मोठे शिबीर भरले तेव्हा कॅलिफोर्नियात अशी मुभा नव्हती. बाहेरचे स्वयंसेवक डॉक्टर असूनही काम करू शकत नव्हते आणि रांगेतील माणसे परत जात होती. पुढच्याच वर्षी त्या राज्याने कायदा केला. या कायद्यांचे सूत्र लक्षात घेण्यासारखे आहे : मूळ राज्यातील परवाना निष्कलंक हवा, सेवेचा मोबदला घेता कामा नये, आणि मुक्काम मोजक्या दिवसांचा हवा.

आपल्याकडे हा प्रश्न नव्याने ऐरणीवर आला तो २०२० च्या महामारीत. त्या वर्षीच्या मे महिन्यात मुंबईतील रुग्णालये ओसंडू लागली तेव्हा महाराष्ट्र शासनाने केरळ शासनाकडे पन्नास तज्ज्ञ डॉक्टर व शंभर परिचारिका मागितल्या आणि केरळचे पथक मुंबईत येऊन कामास लागले. एरवी ज्यांना आधी नाव नोंदवा म्हणून सांगितले असते, त्यांना शासनच पत्र लिहून बोलावीत होते. त्याआधी २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली होती. त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टर भारतातील कोणत्याही भागातील रुग्णास दूरध्वनीवरून वा चित्रफितीच्या माध्यमातून सल्ला देऊ शकतो. म्हणजे चेन्नईचा डॉक्टर पुण्याच्या आजीबाईंना फोनवर औषध सांगू शकतो. तोच गाडीने येऊन शिबिरात समोर बसला की नोंदवहीचा प्रश्न उभा राहतो! नाडी हाताला लागते तेथे शंका अधिक आणि लागत नाही तेथे कमी, हे जुन्या वैद्यांना पटले नसते.

दरम्यान १९५६ चा अधिनियम जाऊन त्याच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियम, २०१९ आला. सप्टेंबर २०२० मध्ये आयोगाने कामास आरंभ केला. नव्या कायद्याच्या चौतिसाव्या कलमानुसार राज्य अथवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव नसताना वैद्यकी केल्यास एक वर्षापर्यंत कैद वा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या एक हजारांच्या तुलनेत ही वाढ पाहावी. परदेशी नागरिक असलेल्या डॉक्टरास, त्याच्या देशात त्याची नोंदणी असल्यास, ठरावीक मुदतीची तात्पुरती नोंदणी देण्याची सोय याच कलमाच्या परंतुकात आहे. २०२३ च्या नियमावलीने प्रत्येक डॉक्टरास देशभर एकच ओळख क्रमांक देण्याचे योजिले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक नोंदवहीचे संकेतस्थळ सुरू झाले. १९५६ व १९६० मध्ये नोंदवहीचे जे तुकडे झाले ते पुन्हा एका ठिकाणी ठेवण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल. तरीही ज्या राज्यात व्यवसाय करावयाचा तेथील परवाना घेण्याची पद्धत राहिलीच आहे, आणि चार दिवसांच्या धर्मादाय शिबिरासाठी परराज्यातून येणाऱ्या डॉक्टराकरिता टेनेसीसारखी स्वतंत्र, सोपी तरतूद अद्याप आपल्या कायद्यात नाही. ती व्हावी, असे म्हणण्यास जागा आहे. धर्मादाय न्यासांनी ही मागणी एकमुखाने शासनापुढे मांडली तर ती अवास्तव ठरू नये. मात्र मागणी करताना खुर्जाचे स्मरण ठेवून, स्थानिक रुग्णालयाची जबाबदारी व नंतरची देखभाल या अटी आपणच आधी पुढे कराव्यात.

तोपर्यंत काय करावयाचे, असे कोणी कार्यकर्ता विचारील. उत्तर अवघड नाही. परदेशी पाहुणा असेल तर तो येण्याच्या कित्येक महिने आधी, ज्या रुग्णालयात तो काम करणार त्या रुग्णालयामार्फत आयोगाकडे अर्ज जावा. त्याचे येणे नक्की झाले म्हणून आधीच पत्रिका छापू नयेत. परराज्यातील डॉक्टर असेल तर त्याच्या नोंदणी-प्रमाणपत्राची प्रत मागण्यात संकोच नसावा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी विचारणा करून उत्तर दप्तरी ठेवावे. शस्त्रक्रिया मंगल कार्यालयात नव्हे, रुग्णालयात व्हावी. संमतिपत्र मराठीत असावे व ते रुग्णास वाचून दाखवावे. पुण्यात तज्ज्ञ डॉक्टरांची वाण नाही; पाहुण्याबरोबर त्याच विषयाचा एक स्थानिक डॉक्टर आरंभापासून जोडून द्यावा आणि रुग्णाच्या हाती जे कार्ड दिले जाते त्यावर पाहुण्याचे नाव, त्याचा नोंदणी क्रमांक, आणि त्याखाली या स्थानिक डॉक्टराचे नाव व दूरध्वनी छापावा. दीक्षितांच्या पश्चात पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ शिबिरे होत राहिली, अमेरिकेतून शल्यविशारद येत राहिले. पण टाके काढावयाच्या दिवशी रुग्ण जातो तो या दुसऱ्या नावाकडे.